घरबसल्या कामाचा हक्क : आपल्या बिडी कामगार भगिनींची हकीकत

स्मरणिकेसाठी दोन पाने लिहून द्या, असे अध्यक्षाबाईंनी सांगितले तेव्हा प्रथम वाटले की एखादी पाककृती द्यावी आणि मोकळे व्हावे. परंतु मागच्या सभेत एका भगिनीने विचारलेला प्रश्न काही केल्या मनातून जाईना. ती म्हणाली, "आम्ही घरी शिवण शिवतो, पापड लाटतो, कोणी बाजारात भाजी विकतो. नोकरदाराला पेन्शन मिळते, कारण त्याला मालक आहे. आम्हाला मालकच नाही; मग म्हातारपणी आमचे कोण?"

त्या दिवशी कोणालाच उत्तर देता आले नाही. घरी आल्यावर माझ्या ध्यानात आले की हा प्रश्न काही नवा नाही. आपल्याच गोंदिया जिल्ह्यात, आपल्याच आयाआज्यांच्या ओसरीवर तो शंभर वर्षांपूर्वी येऊन बसला होता. त्या ओसरीवर एक सूप असे, सुपात तेंदूची पाने, कात्री, पत्र्याचा फर्मा, दोरा आणि तंबाखू. त्या सुपाची हकीकत सांगितली म्हणजे प्रश्नाचे निदान अर्धे उत्तर तरी मिळेल, असे मला वाटते.

बिडीचा धंदा आपल्याकडे वाढला तो जंगल आणि रेल्वे यांच्यामुळे. तेंदूचे झाड आपल्या रानात आपोआप वाढते. उन्हाळ्याच्या तोंडी त्याला कोवळी पालवी फुटते आणि एप्रिल-मे महिन्यांत गावेच्या गावे पहाटे रानात जातात. सत्तर पानांचा एक पुडा बांधून फळीवर मोजून द्यायचा, ही रीत आपणा सर्वांना ठाऊक आहे. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने गोंदिया मोठ्या बाजारपेठांना जोडले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी छोट्या रुळाची गाडी बालाघाट व जबलपूरकडे धावू लागली. त्याच सुमारास गुजरातेतून आलेल्या व्यापाऱ्यांनी मध्य प्रांतात बिडीचे कारखाने काढले. गुजरातेतून तंबाखू रेल्वेने यावी, पान इथल्या रानातले, आणि हात इथल्या गरिबांचे, असा हा धंदा होता. पुढे त्याने गावात पैसा आणला हेही खरे. आपल्या गोंदिया शिक्षण संस्थेचे संस्थापक मनोहरभाई पटेल हे बिडीचेच व्यापारी होते. १९५८ साली त्यांनी ही संस्था स्थापन केली, आणि पुढे कितीतरी घरांतील पहिली पदवीधर मुले तिच्या महाविद्यालयांतून बाहेर पडली.

आता कारखाना म्हटला म्हणजे मोठी इमारत, भोंगा, हजेरी असे चित्र डोळ्यांपुढे येते. बिडीला यातले काहीच लागत नाही. म्हणून मालकांनी लवकरच काम घराघरांत पाठविले. मालक आणि मजूर यांच्यामध्ये सट्टेदार आला. सट्टेदार मालकाकडून पाने व तंबाखू मोजून घेई, ती गावातील बायकांना वाटी, आणि वळलेल्या बिड्या मोजून परत नेई. बाईला मजुरी हजारी मिळे. आदल्या रात्री पाने भिजत घालावी, सकाळी स्वयंपाक उरकून ती कापावी, दुपारी वळावी, आणि संध्याकाळी पंचवीस-पंचवीसचे कट्टे बांधून डोक्यावर घेऊन सट्टेदाराच्या दारी जावे, असा तिचा दिवस असे. तेथे मुनशी बिड्या पाही. ही सैल, ही आखूड, ही फाटकी, असे म्हणून काही बिड्या बाजूला काढी. तिला छाट म्हणत. छाटेची मजुरी मिळत नसे, आणि पुष्कळदा ती बिडी परतही मिळत नसे.

अशी ही बाई कोणाची कामगार? मालक म्हणे, मी हिला ओळखतही नाही. सट्टेदार म्हणे, मी तर नुसता मधला माणूस. सरकारचे कायदे कारखान्याच्या भिंतीशी येऊन थांबत.

ही अडचण आपल्याच देशाची होती असे नव्हे. जर्मनीत १८८३ साली कामगारांसाठी आजारपणाच्या विम्याचा कायदा झाला आणि १८८९ साली म्हातारपणाच्या पेन्शनचा. त्यामागची युक्ती सोपी होती. पगार देतानाच मालकाने थोडी रक्कम कापून घ्यावी, स्वतःचीही घालावी आणि निधीत भरावी. जगभर हीच पद्धत पसरली. आपल्याकडे १९४८ साली राज्य विम्याचा कायदा झाला आणि १९५२ साली भविष्य निर्वाह निधीचा, म्हणजे आपण ज्याला नुसते 'फंड' म्हणतो त्याचा. परंतु जिथे पगार देणाराच दिसत नाही, तिथे कापणार कोण आणि भरणार कोण? म्हणून घरी काम करणारी, फेरीवाला, न्हावी, शिंपी, मोलकरीण अशी सारी माणसे बाहेर राहिली. श्रीमंत देशांत ती थोडी होती. आपल्यासारख्या देशांत तर तीच अधिक.

आपल्या प्रांतात या बाबतीत मोठे खटले झाले. गोंदिया त्या वेळी भंडारा जिल्ह्यात आणि मध्य प्रांत व वऱ्हाडात होते. १९४८ साली प्रांतिक सरकारने एक कायदा केला की शेतीच्या हंगामात ठरवून दिलेल्या गावांत बिडी बनविण्यास मनाई करता येईल. कारण काय, तर शेतीला मजूर मिळावे. सागर जिल्ह्यातून त्याविरुद्ध तक्रार गेली, आणि १९५० साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. शेतात राबू न शकणारे म्हातारे, अपंग, स्त्रिया यांनाही घरी बसून पोट भरण्याचा हक्क आहे, हे न्यायालयाने ध्यानात घेतले. काम करण्याचा हक्क असा मिळाला. पण त्या कामाला संरक्षण मिळाले नाही. १९५८ च्या एका निकालात सट्टेदार व त्याची माणसे ही कारखान्याची कामगार नव्हेत असे ठरले. १९६० साली नागपूरच्या एका बिडी कारखान्याच्या खटल्यात, तुकड्यावर काम केले तरी कारखान्यात येणारा तो कामगारच, असा निकाल लागला. आणि पुढच्याच वर्षी महाराष्ट्रातील दुसऱ्या एका खटल्यात, मनाला येईल तेव्हा येऊन जाणारा बिडीवाला कामगार नव्हे, असे ठरले! न्यायालयालाच असा पेच पडत असे. मग आमच्या आज्यांना काय कळावे?

यात आणखी एक मेख होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आला. बालाघाट मात्र मध्य प्रदेशात राहिला. गोंदियाहून बालाघाट किती लांब? एका राज्याने मजुरी वाढविली की सूप उचलून पलीकडच्या राज्यात नेणे मालकाला कठीण नव्हते. त्याला काही यंत्रे हलवावी लागत नव्हती. राज्याराज्यांचे कायदे म्हणूनच लंगडे पडले, आणि अखेर १९६६ साली संसदेने बिडी व सिगार कामगारांचा कायदा साऱ्या देशासाठी केला.

हा कायदा आपण बायकांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. घरी बसून बिडी वळणारी बाई ही कामगार आहे, असे त्याने स्पष्ट म्हटले. मधे सट्टेदार असला तरी ज्याच्या छापाची बिडी त्याची जबाबदारी सुटत नाही, असे म्हटले. रजा आणि बाळंतपणाचा लाभ त्यात आला, आणि नियमांनी छाटेवर मर्यादा घातली. मालक मंडळी न्यायालयात गेली, परंतु १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा कायम केला. केरळात तर कायदा लागू होताच मंगळूरच्या एका मोठ्या कंपनीने आपले काम बंद केले आणि हजारो लोक उघड्यावर पडले. तेव्हा १९६९ साली तेथील कामगारांनी स्वतःची 'दिनेश बीडी' ही सहकारी संस्था काढली व ती पुष्कळ वर्षे उत्तम चालविली.

पण कायद्याला एक फट होती. जी बाई कोणाची कामगार नसून आपल्या घरात, घरच्या माणसांसह, स्वतःचा धंदा म्हणून बिडी करते, तिला हा कायदा लागू नाही, असे एक कलम त्यात होते. वाचताना ते रास्त वाटते. परंतु काही सट्टेदारांनी या फटीतून वाट काढली. ते बाईला पान-तंबाखू 'देत' नसत, तर कागदावर 'विकत'. आणि बिड्या मजुरीने घेत नसत, तर कागदावर 'विकत घेत'. सूप तेच, ओसरी तीच, हजारी दरही तोच. परंतु कागद बदलला आणि मजूर बाई एका रात्रीत स्वतंत्र धंदेवाली झाली! तिचा फंड गेला, रजा गेली, बाळंतपणाचा लाभ गेला. आज पुष्कळ ठिकाणी आपल्याला सांगितले जाते की तुम्ही नोकर नाही, तुम्ही उद्योजिका आहात. ऐकायला गोड वाटते. पण भाव कोण ठरवितो, माल नापास कोण करतो, हे आधी विचारून घ्यावे.

न्यायालयानेही पुढे नेमके हेच विचारले. १९७७ साली फंडाचा कायदा बिडी धंद्याला लागू झाला. मालकांनी पुन्हा हरकत घेतली की घरी बसणाऱ्या बाईवर आमची देखरेख नाही. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की तिची बिडी नापास करण्याचा अधिकार तुमच्याकडे आहे, हीच तुमची देखरेख. म्हणून ती तुमचीच कामगार आहे. भगिनींनो, जी छाट आमच्या आयांच्या डोळ्यांना पाणी आणीत असे, तीच अखेर त्यांच्या बाजूचा पुरावा ठरली. देवाचा न्याय म्हणावा तो असा!

मालक शोधण्याच्या या खटाटोपाशेजारीच सरकारने दुसरी एक वाट काढली होती. १९७६ साली बिडी कामगार कल्याण निधीचे कायदे झाले. यात कोण कोणाचा कामगार, हा वाद बाजूला ठेवला. मालावरच थोडा उपकर बसवायचा, त्याचा निधी करायचा, आणि ज्यांच्यापाशी बिडी कामगाराचे ओळखपत्र आहे त्यांना दवाखाना, मुलांना शिष्यवृत्ती, घरासाठी मदत द्यायची, अशी ही योजना. आपल्या भागातील मुलांच्या शिष्यवृत्त्या नागपूरच्या कल्याण कार्यालयातून येत. त्या पैशांतून वह्यापुस्तके घेतलेल्या कित्येक जणी आज हे वाचीत असतील. सोलापूरला बिडी वळणाऱ्या बायकांनी नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने लढा देऊन गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी केली. २००६ साली ती घरे त्यांच्या ताब्यात आली. घर बाईच्या स्वतःच्या नावावर! याहून मोठा दागिना कोणता?

इतके सारे मिळाले, तरी माझ्या आईला पेन्शन मिळाली नाही. ती हकीकत सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही.

आई १९७८ साली लग्न होऊन आली आणि दुसऱ्याच आठवड्यात सुपाशी बसली. घरात एकच वही होती, ती आजीच्या नावाची. सून, सासू, आत्या तिघी बिडी वळत, आणि वहीत एकटीचेच नाव भरले जाई. कोणाला त्यात वावगे वाटले नाही. मजुरी तर घरातच येत होती. चोवीस वर्षे आईने अशी आजीच्या वहीवर बिडी वळली. २००२ साली आजी वारली. तिच्या फंडाची रक्कम आली ती वारसांत वाटली गेली. सून म्हणून आईचा त्यात काहीच हक्क नव्हता. नंतर आईच्या नावाची वही झाली. २०१० साली आमच्या गावचे काम बंद झाले. पेन्शनला दहा वर्षे नोकरी लागते. आईची कागदावर भरली आठ! शिवाय वहीत मुनशीने माहेरचे नाव लिहिलेले आणि इतर कागदांवर सासरचे. ते एक करण्यासाठी मी तिला घेऊन किती फेऱ्या मारल्या असतील, मोजल्या नाहीत. शेवटी फंडातील थोडी रक्कम हाती आली, पेन्शन नाही. बत्तीस वर्षे वाकून बसलेल्या पाठीचा हिशेब आठ वर्षांचा झाला.

मी कार्यालयाला दोष दिला, सट्टेदाराला दिला. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर मनात येते की दोष आमच्या घराचाही होता. दोन वह्या कशाला, एकीचे नाव पुरे, असे घरच्या वडीलधाऱ्यांनीच ठरविले होते, आणि आईने ते मुकाट्याने मान्य केले. आईला विचारले तर ती म्हणते, "बाई, नाव लिहा म्हणायचं असतं, हेच आम्हाला माहीत नव्हतं." पेन्शन मिळाली असती तरी ती फार मोठी नव्हती, २०१४ पासून निदान दरमहा एक हजार रुपये ठरली आहे. पण ते हजार तिचे स्वतःचे असते. औषधाच्या गोळ्यांसाठी तिला मुलाच्या तोंडाकडे पाहावे लागले नसते.

आता सभेतल्या प्रश्नाकडे येऊ. ज्यांना खरोखरच एक मालक नाही, त्यांचे काय? आपल्या महाराष्ट्राने यावर एक उत्तर १९६९ साली दिले आहे. हमाल आज एका व्यापाऱ्याचे पोते उचलतो, उद्या दुसऱ्याचे. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून माथाडी कायदा झाला. त्यात माथाडींची मंडळे निघाली. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरची ठरलेली रक्कम मंडळात भरायची, आणि मंडळाने हमालाला मजुरी, फंड, बोनस द्यायचा. एक धनी नाही, तर मंडळच धनी! अहमदाबादेत इलाबेन भट्ट यांनी १९७२ साली 'सेवा' ही संघटना काढून भाजीवाल्या, गाडीवाल्या, बिडी वळणाऱ्या बायकांना एकत्र आणले. दूर दक्षिण अमेरिकेत उरुग्वे देशात छोट्या धंदेवाल्याने कर आणि विम्याची वर्गणी मिळून एकच लहान रक्कम भरावी, अशी सोय २००१ सालापासून आहे. आपल्याकडे असंघटित कामगारांसाठी २००८ साली कायदा झाला. २०२१ साली ई-श्रमची नोंदणी सुरू झाली. तीत तीस कोटींहून अधिक लोकांनी नावे नोंदविली आणि त्यांत निम्म्याहून अधिक आपण बायका आहोत. २०२० साली संसदेत संमत झालेली सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. जुने कायदे या नव्या संहितांत सामावले गेले, १९६६ चा बिडी कायदाही त्यात आला.

मग सारे चांगलेच झाले का? तसे मला म्हणवत नाही. वस्तू व सेवा कर आला तेव्हा, २०१७ साली, बिडीवरचा तो कल्याण उपकर बंद झाला. आता त्या योजनांना सरकारी तिजोरीतून जे मिळेल ते. मालाबरोबर आपोआप येणारा पैसा आणि दरवर्षी मागून घ्यायचा पैसा यांत फरक आहे, हे घर चालविणाऱ्या बाईला सांगायला नको. २०१९ च्या श्रमयोगी पेन्शन योजनेत वयाप्रमाणे दरमहा पंचावन्न ते दोनशे रुपये भरले की सरकारही तितकेच भरते आणि साठीनंतर तीन हजार रुपये मिळतात, योजना उत्तम. पण तीत चाळिशीपर्यंतच नाव घालता येते. २०१५ च्या अटल पेन्शन योजनेचेही तसेच. माझ्यासारख्या, ज्यांची मुले मोठी झाल्यावर हातात चार पैसे खेळू लागतात, त्यांच्या आधीच ही दारे लागलेली असतात. बाईचे कमावण्याचे वय पुरुषाहून निराळे असते, हे योजना आखणाऱ्यांना कोणीतरी सांगावयास हवे. ते आपल्यासारख्या मंडळांनी सांगितले नाही तर कोण सांगणार?

बिडीचा धंदा आता ओसरत आहे, आणि तो ओसरला म्हणून मी डोळ्यांत पाणी आणणार नाही. तंबाखूने ओढणाऱ्याचे नुकसान होते आणि तिची धूळ वळणाऱ्या बाईच्या छातीत जाते. आमच्या आईचा खोकला अजून गेलेला नाही. परंतु सूप उतरले तरी त्या सुपाने शिकविलेले धडे टाकून देऊ नयेत. घरात केलेले कामही कामच असते, हे कायद्याकडून कबूल करून घ्यायला कित्येक वर्षे लागली. मालक सापडला नाही तर मालावर कर बसविता येतो, मंडळ काढता येते, वाट निघते. पण या प्रत्येक वाटेच्या तोंडाशी एक वही उघडून ठेवलेली असते, आणि तीत ज्याचे नाव नाही त्याला पुढे जाता येत नाही.

म्हणून आपल्या मंडळापुढे माझी एक साधी सूचना आहे. या वर्षी हळदीकुंकवाच्या दिवशी वाणाबरोबर प्रत्येकीचे कागद पाहावेत. आधारवर, बँकेच्या पुस्तकावर, शिधापत्रिकेवर नाव एकच आहे की नाही. ई-श्रममध्ये नोंद आहे की नाही. घरातील चाळिशीच्या आतील सुनालेकींनी पेन्शनमध्ये नाव घातले आहे की नाही. ज्या जुन्या भगिनींनी बिडी वळली त्यांच्या वह्या, ओळखपत्रे माळ्यावर पडली असतील ती शोधावीत. ज्यांना वाचता येत नाही त्यांना आपल्यातील कॉलेजच्या मुलींनी वाचून दाखवावे. एका दुपारचे काम आहे.

आणि घरात जर एकच वही येणार असेल, तर दुसरी मागावी. सुनेची वेगळी, सासूची वेगळी. त्याने घर फुटत नाही. एवढे एक वाक्य कोणी १९७८ साली आमच्या ओसरीवर येऊन सांगितले असते तर किती बरे झाले असते!